खुळखुळ्याच्या जुड्या

त्या सकाळी पिंपळगावला कोल्ड स्टोरेजच्या दारात गाडी लावली आणि रोजच्यासारखा सुमनताईला मिस कॉल दिला. आमचा रिवाज असा, की मी नाशिकहून निघून पिंपळगाव बसवंतला पोचले की एक रिंग द्यायची आणि तिकडून तिनं ती कट करायची. कट झाली म्हणजे तिला कळलं, मी पोचले. बोलायचं काही नाही. वर्षानुवर्षं हे असंच चाललं होतं, आमचा अबोला चालू असायचा त्या दिवसांतसुद्धा. त्या दिवशी रिंग वाजत राहिली आणि वाजून वाजून आपोआप बंद झाली. मी म्हटलं, बाई अंगणात असेल, हात मातीत असतील. सणासुदीचा माल निघत होता, बेदाण्याचे बॉक्स टेम्पोत चढत होते, आणि एका व्यापाऱ्याशी माझी घासाघीस रंगात आली होती. तरी मधेच परत फोन लावला. परत तेच. मग माझाच फोन वाजला, पण नाव शेजारच्या शिंदेवहिनींचं होतं. "कुंदाताई, असाल तिथून निघा," एवढंच त्या म्हणाल्या. व्यापारी माझ्या उत्तराची वाट बघत उभा होता... त्याला तसाच सोडून मी गाडीत बसले. महामार्गावर ओझरपर्यंत मी तिला फोनच लावत होते. वेड्यासारखी. रिंग जात होती म्हणजे माणूस आहे, असं काहीतरी डोक्यात घेऊन.

सुमनताई माझी थोरली जाऊ. नाशिकातच, पाथर्डी फाट्याच्या बाजूला, आमच्या नवऱ्यांची, दोन भावांची घरं एकाला एक लागून आहेत, मधे कमरेएवढी भिंत. ती देवळाली कॅम्पच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरीला होती, नंबर मागायचा आणि तासन्‌तास वाट बघायची त्या काळापासून. फौजेतल्या लोकांचे ट्रंक कॉल जोडायचे काम. कोणाचा नवरा सरहद्दीवर पोचला का, कोणाची बायको माहेरी सुखरूप उतरली का, हे सगळं हिच्या कानावरून जायचं. पुढं यंत्रं आली, ते काम गेलं, ती कागदांच्या टेबलावर बसली, पण कानातलं ते वाट बघणं काही गेलं नाही. घरातलं कोणीही उंबऱ्याबाहेर पडलं की हिचं ठरलेलं वाक्य, "पोचलात की कळवा." भाजीला गेलेल्या माणसालाही सांगायची. मी चिडायचे. मी म्हणायचे, "ताई, मी काय काश्मीरला निघालेय का? पिंपळगावला चाललेय, टेम्पो घेऊन." ती म्हणायची, "टेम्पो घेऊनच चाललीयेस म्हणून सांगतेय. तू व्यापाऱ्याशी भांडतेस तशीच ट्रकवाल्याशीही भांडतेस." खरं होतं ते.

माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मी दुसऱ्यांच्या शेडमध्ये बेदाण्याचे देठ काढत बसायचे, तिथून सुरुवात. मग उरलासुरला माल घेऊन स्वतः विकायला लागले, मग एक भाड्याची शेड, मग स्वतःची. माझा आवाज मोठा आहे आणि राग नाकावर आहे, हे पिंपळगावात कोणालाही विचारा. सौद्यात मी हरत नाही. सुमनताईशी मात्र माझा एक जुना सौदा कायमचा अडकला होता. तिच्या घराच्या बाजूला लांबट अंगण आहे, रस्त्याला लागून. थोरले भाऊजी गेले, त्यांची गाडी विकली, अंगण रिकामं झालं. माझ्याकडं टेम्पो, एक चारचाकी, आणि माझ्या फाटकात दोन्ही कशीबशी मावायची. मी म्हटलं, "ताई, फाटक रुंद करू, टेम्पो आत घेऊ." तिनं नाहीही म्हटलं नाही आणि होही म्हटलं नाही. "बघू गं," म्हणाली. आणि बघता बघता तिथं रान उगवलं.

रानच ते. लोक अंगणात गुलाब लावतात, मोगरा लावतात. हिनं गावाबाहेरच्या नाल्याकाठची रुई आणून लावली. भिंतीवर हिरणदोडीचा वेल चढवला, त्र्यंबकच्या रस्त्यावरून कुठून तरी उपटून आणलेला. भुरुंडी, घाणेरी, आणि सगळ्यात जास्त खुळखुळा... पिवळ्या फुलांचा, वाळल्यावर शेंगा खुळखुळ वाजणारा, बांधावर उगवला तर आम्ही न बघता उपटून फेकतो तो. याची सुरुवात मी डोळ्यांनी पाहिली आहे. पावसाळा सरत आला होता. अंगणात आपोआप उगवलेला खुळखुळा तिनं उपटून, साफ करायला म्हणून, भिंतीशी ढीग घालून ठेवला होता. दोन-चार दिवसांनी सकाळी तिनं मला भिंतीवरून हाक मारली, इतक्या हळू, की मला वाटलं साप निघाला. जाऊन पाहते तर त्या वाळत आलेल्या ढिगावर फुलपाखरंच फुलपाखरं. काळे पंख, त्यावर फिकट निळ्या रेघा आणि ठिपके. एकमेकांवर चढून बसलेली, काड्या खरवडून खरवडून काहीतरी चोखत होती. आम्ही जवळ गेलो तरी उडेनात.

"आंधळी आहेत का गं ही?" मी विचारलं.

"दमलीयेत," ती म्हणाली. "लांबून आली असतील."

मग ती त्यांच्या मागेच लागली. याला विचार, त्याला विचार. ही पाखरं पावसाच्या आगेमागे घाटाकडून मैदानाकडं, मैदानाकडून घाटाकडं अशी कितीतरी लांबचा प्रवास करतात, नक्की कुठून कुठं ते जाणकारांनाही पुरतं उलगडलेलं नाही, असं तिला कोणीतरी सांगितलं. झालं. बाईला आयुष्यभराचं काम मिळालं. लांबचा प्रवास, आणि पोचले की नाही ते कळायला मार्ग नाही! तिची झोपच उडाली. भाद्रपद उजाडला की ती आकाशाकडं बघत हिंडायची. पाऊस लांबला की काळजी, लवकर उघडला की काळजी, कॉलनीत डासांच्या धुराचं मशीन आलं की काळजी. एकदा हिरणदोडीवर अळ्या पडलेल्या दिसल्या म्हणून मी, द्राक्षवाल्यांच्या घरची, सवयीनं औषधाचा पंप घेऊन भिंत ओलांडली. तिनं माझं मनगट धरलं. "अगं, खायलाच लावलाय तो वेल!" मी म्हटलं, "ताई, अळीला खाऊ घालायला पीक लावणारी तू जगातली पहिलीच शेतकरीण." ती म्हणाली, "आणि पाहुण्यांच्या ताटात विष घालायला निघालेली तू पहिलीच यजमानीण."

कॉलनीच्या बैठकीत तक्रार आली, की त्या अंगणात साप होतील, डास होतील, काढायला सांगा. मला त्या जागेत टेम्पो लावायचा होता, माझा फायदा गप्प बसण्यात होता. पण बाहेरच्या माणसानं माझ्या जावेला बोललेलं मी ऐकून घेत नाही. मी उठले आणि ज्यांनी तक्रार केली त्यांच्या गच्चीवरच्या उघड्या टाकीपासून सुरुवात केली. विषय तिथंच संपला. घरी येऊन मात्र मी तिला सांगितलं, "तुझं रान वाचवलं, आता माझ्या टेम्पोचं बघ." ती म्हणाली, "बघू गं."

जुड्यांचा शोध मात्र माझा आहे. हे मी लिहून ठेवते, कारण बाकी कोणी सांगणार नाही. पाखरांना ताजा खुळखुळा नको असतो, वाळत आलेला हवा असतो. ती उपटून उन्हात टाकायची, तो कडकडीत होऊन त्याचा भुगा व्हायचा, नाहीतर पावसानं कुजायचा, आणि ही रडकुंडीला यायची. एक दिवस भिंतीपाशी येऊन म्हणाली, "कुंदे, तू बेदाणा कसा वाळवतेस गं? काळा का पडत नाही तो?"

"फुकट नाही सांगायची."

"टेम्पो सोडून काय ते माग."

"मग तुझ्या हातचे मांडे. दर सणाला."

"बरं. सांग."

मी सांगितलं. उन्हात टाकायचं नाही. सावलीत, जाळीवर, खालून-वरून वारा खेळेल असं. मग रस आतच राहतो, साल तेवढी सुकते. तिच्या जुड्या मी माझ्या शेडमधल्या जाळीवर वाळवून आणल्या, बेदाण्याच्या शेजारी. माणसं हसली. तिनं त्या कपडे वाळवायच्या दोरीवर चिमट्यांनी उलट्या टांगल्या. त्या वर्षी पाखरं अशी आली की दोरी दिसेना. दोरीवर कोणीतरी निळे-काळे कपडे वाळत घातलेत आणि ते श्वास घेताहेत, असं ते दिसत होतं. त्यातली बहुतेक नर असतात, तिनं मला सांगितलं; तो रस घेतल्याशिवाय त्यांच्या अंगाला वास येत नाही, आणि वास नसेल तर मादी ढुंकून बघत नाही. मी म्हटलं, "म्हणजे लग्नाला निघालेल्यांना अत्तर लावायचं दुकान उघडलंयस तू." ती इतकी हसली की तिला खोकला आला. मांडे मात्र तिनं कधी चुकवले नाहीत.

आता माझी तक्रार. ती मी तिच्या तोंडावर करणार होते, ती संधी तिनं ठेवली नाही. म्हणून इथं करते. तिच्या हृदयाची एक झडप नीट बंद होत नव्हती. डॉक्टरांनी मुंबईला जाऊन ऑपरेशन करून घ्या, लांबवू नका, असं उन्हाळ्यातच सांगितलं होतं. हे शिंदेवहिनींना माहीत होतं. मला नाही. मी विचारायचे, "ताई, दम का लागतो तुला?" ती म्हणायची, "पित्त झालंय." तिला दवाखान्यातून शेवटचं घरी आणल्यावर, गर्दी जरा पांगल्यावर मी शिंदेवहिनींना स्वयंपाकघरात धरलं. त्या रडत होत्या. म्हणाल्या, "त्यांनी शपथ घातली होती. म्हणायच्या, कुंदाला कळलं तर ती डॉक्टरांशी भांडेल, मला उचलून मुंबईला नेईल, आणि पाखरांच्या दिवसांत मी इथं नसेन. त्यांना जाऊ दे, मग दिवाळीनंतर मीच सांगते तिला..."

बरोबरच होतं. मी नेलंच असतं उचलून. खुर्चीसकट नेलं असतं. माझ्याशी सौद्यात जिंकता येत नाही हे ठाऊक होतं, म्हणून तिनं सौदाच होऊ दिला नाही. रोज सकाळी मी कुठं पोचले ते तिला कळवत होते, आणि ती कुठं निघालीय ते तिनं मला कळवलं नाही. हा राग माझा अजून गेलेला नाही. जाईल असं वाटत नाही.

तेराव्याला घर भरलं होतं. सटाण्याहून आमच्या लीलावन्सं आल्या होत्या, आमच्या सगळ्यांत मोठ्या नणंद. पंगती उठल्यावर मी तिच्या अंगणात गेले तर दोरी रिकामी. जायच्या आधल्या आठवड्यात तिनं स्वतःच्या हातानं टांगलेल्या शेवटच्या जुड्या तिथं होत्या. मी विचारत सुटले. लीलावन्सं शांतपणे म्हणाल्या, "मीच काढल्या. दारात काळ्या पडलेल्या काड्या, उलट्या टांगलेल्या, चिमटे लावून! कोणी लय वाईट केलं व्हतं घरावर. म्हणून तर आमची सुमन अशी उभ्या उभ्या गेली. तिठ्यावर टाकून आले, नारळ फोडला वरून, मागं वळून नाय पाहिलं."

मी ओरडले. तेराव्याच्या घरात, पाहुण्यांसमोर, मोठ्या नणंदेवर ओरडले. "वन्सं, उतारा नव्हता तो, माझ्या शेडमधला माल होता!" त्या म्हणाल्या, "बेदाणा असा असतो व्हय?" कोणीतरी हसलं आणि तोंड दाबलं. मी तिठ्यावर पळत गेले. नारळाच्या करवंट्या होत्या. काड्यांवरून गाड्या जाऊन रस्त्याला पिवळा चुरा लागला होता. बिचाऱ्या वन्संचं काही चुकलं, असं आज मी म्हणत नाही. त्यांनी घर राखायचं म्हणूनच केलं. पण त्या वेळी मात्र मला वाटलं, सुमनताई आज दुसऱ्यांदा गेली.

दुसऱ्या दिवशी तिचा मुलगा प्रसाद, हैदराबादला असतो, अंगणात टेप घेऊन उभा. "काकू, दिवाळीनंतर घर भाड्यानं देतोय. माणसं चांगली आहेत, पण त्यांच्या दोन गाड्या आहेत. इथं ब्लॉक बसवून घेतो."

"आणि हे?"

"काकू, हे तण आहे. आई होती तोवर ठीक होतं. आता कोण बघणार?"

मी त्याला आत नेलं, चहा दिला, बेदाणा दिला, त्याच्या मुलीची चौकशी केली. सौद्याची सुरुवात कधी मुद्द्यापासून करायची नसते. मग म्हटलं, "गाड्यांना जागा हवी ना? माझ्या फाटकातली घे. भाडेकरूच्या दोन्ही गाड्या माझ्याकडं लागतील."

"आणि तुझा टेम्पो?"

"टेम्पो आणि माझी गाडी, दोन्ही पिंपळगावला शेडवर राहतील. मी बसनं जाईन."

त्यानं कप खाली ठेवला. त्याला लहानपणापासून माहीत होतं, या अंगणासाठी मी काय काय बोलले होते. पण तोही माझ्याच घरातला, सहज सोडेल कसा? म्हणाला, "काकू, तू म्हणतेस म्हणून थांबतो. पण ही पाखरं मी फक्त आईच्या फोनमध्ये बघितलीयेत. दिवाळीला येतो. तोवर आली तर अंगण राहू दे. नाही आली, तर मग यावर पुन्हा बोलायचं नाही."

मी हो म्हटलं. हातात माल नसताना, माल कुठून येणार ते ठाऊक नसताना, पाखरांच्या भरवशावर! माझ्या धंद्यातल्या पोराला मी असं करताना पाहिलं असतं तर कानाखाली दिली असती.

त्यानंतरचे दिवस मला आठवायला नको वाटतात. ओझर आणि पिंपळगावच्या मधे रस्त्याकडेला मी खुळखुळा शोधत हिंडले. लोक विचारायचे, "ताई, काय हरवलं?" मी भारा बांधत राहायचे. भारे आणले, शेडमध्ये जाळीवर घातले. आणि पाऊस परत आला. परतीचा म्हणून ओळखतात तो, पण परत जायचं नावच घेईना. हवेत ओल, जाळीवरच्या काड्या मऊ पडायला लागल्या, एका भाऱ्याला बुरशी आली. ज्या बाईनं उभं आयुष्य वाळवण्यात घालवलं, तिला चार काड्या वाळवता येईनात. पंखे लावले. माझी माणसं बेदाण्याच्या पेट्या बाजूला सारून तण वाळवत होती आणि माझ्याकडं बघायला घाबरत होती. जुड्या बांधून दोरीला टांगल्या, तिच्यासारख्याच उलट्या, आणि वाट बघायला लागले. सकाळी दात घासताना बघायची, बसमधून फोन करून शिंदेवहिनींना विचारायची, "काही आलं का?" "नाही हो." घाटाकडं ढग दिसले की काळजी. पाऊस उघडला तर, आता निघून गेली असतील दुसऱ्या वाटेनं, म्हणून काळजी. धुराचं मशीन आलं तेव्हा मी त्या माणसाला गल्लीच्या तोंडावरूनच परत पाठवलं. एका संध्याकाळी भिंतीला टेकून उभी होते, आणि लक्षात आलं की मी त्याच जागी, तसाच हात कपाळावर धरून उभी आहे... ती उभी राहायची तशी. इतकी वर्षं तिच्या काळजीला हसले, ती काळजी बाईनं जाता जाता माझ्या गळ्यात घातली. न विचारता. आणि मी म्हणे सौद्यात हरत नाही.

दिवाळी तोंडावर आली. प्रसादचं रिझर्व्हेशन झाल्याचा मेसेज आला. त्या दिवशी मी पिंपळगावला गेलेच नाही. सकाळचं कोवळं ऊन भिंतीवर आलं तेव्हा दोरीवरच्या शेवटच्या जुडीवर एक पान हललं, असं वाटलं. वारा नव्हता. जवळ गेले. एकच होतं. एका पंखाचा कोपरा फाटलेला, रंग उडालेला, काडीला गच्च धरून बसलेलं. आता हे दमून असंच मरेल की काय, हाच पहिला विचार माझ्या मनात आला. मग रुईवर दुसरं दिसलं. मग भिंतीपलीकडून, माझ्या फाटकावरून, भाडेकरूच्या गाड्यांसाठी रिकाम्या केलेल्या जागेवरून, एक एक करत ती येत राहिली. जुन्या वर्षांसारखी दोरी भरली नाही. पण होती. चोखत होती. प्रसादला फोटो पाठवला तो नंतर, बऱ्याच वेळानं. त्याचं उत्तर आलं, "बरं काकू. राहू दे." एवढंच. पुढच्या वर्षी तो काय म्हणेल, पाऊस काय करेल, ही येतील की नाही, काही सांगता येत नाही. ती काळजी आत्तापासूनच सुरू झाली आहे.

पण फोटोच्या आधी एक झालं. फोन मी फोटो काढायलाच हातात घेतला होता, आणि बोटानं सवयीनं तिलाच रिंग दिली. तिच्या घराची किल्ली माझ्याकडं आहे. बँकेचे मेसेज येतात म्हणून प्रसादनं तिचा फोन चालू ठेवलाय, स्वयंपाकघराच्या खिडकीत, चार्जरला लावून. बंद घरात तो वाजायला लागला. खिडकीच्या जाळीतून मला स्पष्ट ऐकू येत होता. दोरीवरची पाखरं हलली नाहीत. पिंपळगावच्या त्या सकाळसारखा तो वाजतच राहिला, वाजतच राहिला... मग मी कुलूप उघडून आत गेले, आणि तिच्या फोनवर, तिच्या बोटानं व्हायचं ते काम, मीच केलं. कट केला. पोचली, कळलं.